मान हलवण्याची नोकरी

मला न बोलण्याचा पगार मिळत असे. आमच्या घरात यावरून फार चेष्टा झाली. माझे मिस्टर रेल्वेत फिटर. पहिल्या दिवशी मी घरी येऊन काम सांगितलं तेव्हा ते हातातला घास तसाच ठेवून म्हणाले, "न बोलाचा पगार देतेत तुले? आमच्या रेल्वेत अशी पोस्ट असती तं मी कवाच अर्ज केला असता."

"तुमाले जमलं नसतं," मी म्हटलं. तेवढंच. घरातसुद्धा मी फार बोलत नाही.

जयपूर सोडताना तिथल्या मराठी मंडळाच्या ताईंनी विचारलं, दिवाळी अंकासाठी तुमच्या कामाबद्दल लिहून देता का. मी मान हलवली. मान हलवली म्हणजे लिहून देणार असं त्यांना वाटलं. त्या वाट बघत असतील. पण हे मी त्यांना देणार नाही. हे माझ्यासाठी लिहिते आहे, आणि पुढेमागे नातीला वाटलं तर तिच्यासाठी. ती हिंदी शाळेतली, मराठी अडखळत वाचते. म्हणून साधंच लिहिते. माझी शाळाही चौथीपर्यंतचीच, त्यामुळे वेगळं लिहिता येणारही नाही.

आम्ही बडनेऱ्याचे. यांच्या बदलीमुळे जयपूरला गेलो आणि खातीपुऱ्याकडे क्वार्टर मिळालं. मुली मोठ्या झाल्यावर मी आमेरच्या बाजूला एका संस्थेत स्वयंपाकाला लागले. दोन बस बदलून जायचं. संस्थेचं काम असं, की खेड्यांतल्या बायका, क्वचित पुरुष, तिथे काही दिवस राहायला यायचे आणि कायद्याची ओळख करून घ्यायचे. हे शिकून कुणी वकील होत नाही. गावातल्या माणसाला आपला हक्क काय, कुठल्या कचेरीत जायचं, तिथे कुणाला काय विचारायचं, हे सांगणारं आणि वाटलं तर सोबत जाणारं कुणीतरी गावातच असावं, एवढ्यासाठी ते शिक्षण. त्यांना 'कानून-साथी' म्हणत. गावात त्यांना नुसतं 'कानूनवाली' म्हणतात, त्यात थोडी टिंगल असते आणि गरज पडली की थोडा मानही.

शिकवायच्या सरोजजी. पूर्वी कोर्टात वकिली केलेल्या, आवाज मोठा, हसणं त्याहून मोठं. त्यांचं म्हणणं, कायद्याची कलमं चार दिवसांत पाठ होतात, पण माणसाकडून त्याची अडचण काढून घेणं शिकायला वर्ष जातं. त्यासाठी त्या वर्गात एक खुर्ची ठेवत. त्या खुर्चीत खोटी फिर्यादी बसवायची. तिला एक गोष्ट आधी नेमून दिलेली असे: नवरा वारला आहे, दीर जमीन मागतो आहे, असं काहीतरी. शिकणाऱ्यांनी एकेक करून तिच्याशी बोलायचं आणि ती गोष्ट बाहेर काढायची.

आधी या खुर्चीत जयपुरातल्याच मानसरोवर भागातली एक कॉलेजातली मुलगी येऊन बसायची. नाटकात काम करणारी. ती इतकं सुरेख रडायची आणि इतकं भराभर सगळं सांगायची, की शिकणाऱ्यांना काही विचारावंच लागत नसे. मी स्वयंपाकघराच्या दारातून ऐकायचे, माझेही डोळे भरायचे. एके दिवशी तिची परीक्षा होती. सरोजजी तडक स्वयंपाकघरात आल्या. माझे हात कणकेत.

"सुमनजी, चला. बसायचं आहे फक्त."

मी नाही म्हटलं. म्हणजे नुसतीच मान हलवली.

"बोलायचं नाहीये, सुमनजी. मुळीच नाही."

"बोलायचं नसेल तर येते," मी म्हटलं आणि हात धुतले.

त्या तुकडीत धापू नावाची बाई होती. आमेरच्या पलीकडच्या एका खेड्यातली, तिशीतली, रंगाने काळीसावळी, दात थोडे पुढे, आणि जिभेला धार. तिने आपली ओढणी माझ्या डोक्यावरून ओढून पार हनुवटीपर्यंत घूंघट काढून दिला. "काकी, आता तुम्ही आमच्यातल्या सून," ती म्हणाली. आमच्याकडे डोक्यावर पदर घेतात, पण असं अख्खं तोंड झाकायची मला सवय नव्हती. आत गरम होतं, आपलाच श्वास आपल्या तोंडावर येतो, समोर नुसत्या सावल्या दिसतात. मला एकच वाटत होतं, हे लवकर संपू दे.

समोर एकजण आला. "बहनजी, तुम्ही आपल्या मर्जीने आलात ना?" मी मान हलवली. "दीर चांगला वागतो ना?" मान हलवली. "जमीन त्याला द्यायला तुमची हरकत नाही ना?" मान हलवली. दुसरी आली, तिसरी आली. पोळ्या भाजायच्या राहिल्या होत्या. एवढ्या वेळात मी जमीन दिली, घर दिलं, मुलींची शाळा सोडवली आणि आपण सुखात आहोत असंही कबूल केलं.

वर्ग हसून लोटपोट झाला. सरोजजींनी ओढणी वर केली आणि विचारलं, "सुमनजी, तुम्ही सगळ्याला हो का म्हणालात?"

मी खरं तेच सांगितलं. "मला वाटलं, मान हलवली की हे लोक लवकर जातील."

पुन्हा हशा झाला. धापू मात्र हसली नाही. ती म्हणाली, "दीदी, आमच्याकडे 'हो' असंच होतं."

सरोजजींनी खडू घेतला आणि फळ्यावर लिहिलं: ज्याचं उत्तर मानेने देता येतं तो प्रश्न विचारायचा नाही. नाटकवाल्या मुलीला त्यांनी पुन्हा बोलावलं नाही. अशी मला ती खुर्ची मिळाली. पोळ्या सकाळी लवकर करून ठेवायच्या आणि मग जाऊन बसायचं.

मला नियम तीनच होते. विचारतील तेवढंच सांगायचं, आपणहून काही सांगायचं नाही, आणि खोटं बोलायचं नाही. हे तर मी जन्मभर करत आले होते.

त्या खुर्चीतून माणसं फार बघितली. एक फौजेतून निवृत्त झालेले गृहस्थ होते, ते उभे राहूनच विचारायचे, "नाव? बापाचं नाव? त्या वेळी कुठे होतीस?" मी न केलेली चोरी कबूल करण्याच्या बेतात आले होते. एक तरुण मास्तर माझी गोष्ट ऐकून स्वतःच रडायला लागला, शेवटी मीच त्याला पाणी दिलं. आणि एक भाऊसाहेब होते, त्यांना बोलण्याची इतकी हौस की सगळे कायदे ते मलाच सांगत बसले. उन्हाळ्याचे दिवस, पोटात जेवण, घूंघटाच्या आत अंधार. मला झोप लागली. त्यांनी आपल्या टिपणात लिहिलं, 'महिला गहरे सदमे में है, मौन है.' सरोजजी ते मोठ्याने वाचत होत्या आणि मी जागी झाले.

शिकणाऱ्यांना सगळ्यांत अवघड काय जात असे, तर वाट बघणं. प्रश्न विचारून गप्प बसणं. समोरचं माणूस बोलत नाही म्हटल्यावर यांचा जीव वरखाली व्हायचा. मग ते स्वतःच उत्तर सुचवायचे आणि मी मान हलवली की सुटल्यासारखे उठायचे. धापूसुद्धा पहिल्यांदा असंच करायची. मग एकदा तिने मला विचारलं, "काकी, काल संध्याकाळी घरात चूल कुणी पेटवली?" आणि मांडीवर हात ठेवून बसून राहिली. सरोजजींच्या गोष्टीत चुलीचं काही नव्हतं. मी आत विचार करत राहिले, की नवरा गेलेली ही बाई, दिराच्या घरात राहणारी, हिची चूल कुठे असेल? ती वेगळी असेल की एकत्र? आणि मग माझ्याच तोंडून आलं, "मला चूल पेटवू देत नाहीत. ताट वाढून देतात." हे कुणी मला लिहून दिलं नव्हतं. तेव्हा मला एक कळलं. घूंघटाच्या आत डोकं आधी उगाच हलत असतं, इकडे तिकडे, सुटका शोधत. बोलणं जवळ आलं की ते थांबतं.

आता गुलाबचं सांगते.

शिक्षण संपत आलं की सगळ्यांना एक दिवस तहसील कचेरीत नेत. कुठली खिडकी कशाची, कुठल्या खोलीत कोण बसतं, हे डोळ्यांनी बघायचं. मी डबे घेऊन सोबत जायचे. त्या दिवशी सरोजजी आत कुणा अधिकाऱ्याकडे गेल्या होत्या आणि आम्ही दस्त नोंदवायच्या खोलीबाहेर व्हरांड्यात बसलो होतो. शेजारी कागद लिहून देणाऱ्यांची टेबलं. तिथून एक पागोटेवाला म्हातारा एका बाईला घेऊन आला. बाईचं तोंड पूर्ण झाकलेलं. तिचा अंगठा आधीच शाईने निळा झालेला होता आणि ती तो हात अंगापासून दूर धरून उभी होती, कपड्याला लागू नये म्हणून.

म्हातारा आत नंबर विचारायला गेला. धापू माठाशी पाणी प्यायला उठली आणि तिच्याजवळ जरा घुटमळली. परत आली ती चेहरा बदलूनच.

"गुलाब नाव आहे. नवरा गेला, दोन मुली आहेत. हा तिचा जेठ," धापू म्हणाली. जेठ म्हणजे मोठा दीर. "हकत्याग करायला आणलीय. वाडवडिलांच्या सगळ्यातला आपला वाटा सोडते म्हणून कागद."

"ती काय म्हणते?"

"काही नाही म्हणत. काकी, ती तुमच्यासारखी मान हलवते."

तेवढ्यात त्यांचा पुकारा झाला. दार उघडंच होतं. धापू आत शिरली, तिच्यामागे आम्ही दोघी-तिघी. माझ्या हातात डबे तसेच.

खोलीतले साहेब वाईट नव्हते, हे मला लिहायला हवं. थकलेले होते. समोर कागदांचा ढीग, बाहेर रांग. त्यांनी वर न बघता विचारलं, "राजीखुशीने करता आहात ना?"

गुलाबने मान हलवली.

"राजी आहे साहेब," जेठ म्हणाला.

साहेबांनी शिक्क्याकडे हात नेला, आणि धापू पुढे झाली. "साहेब, एक विनंती आहे."

"वकील आहेस?"

"नाही साहेब. कानून-साथीचं शिकतेय."

"मग?"

धापू एकेक शब्द नीट लावून बोलली. "साहेब, आमच्याकडे सून जेठापुढे बोलत नाही. ती रीत आहे. काकाजी जरा व्हरांड्यात उभे राहिले तर त्यांची मर्यादाही राहील आणि तुमचं कामही पक्कं होईल."

जेठ काय बोलणार? मर्यादा त्याचीच होती. "हिला काय विचारायचंय?" असं पुटपुटत तो बाहेर गेला. साहेबांनी घड्याळाकडे बघितलं आणि धापूला म्हणाले, "विचार. लवकर."

धापू गुलाबच्या समोर उकिडवी बसली. "बहन, हा कागद झाला की आज रात्री कुठे झोपशील?"

गुलाबचा घूंघट इकडून तिकडे हलत होता. कारकून म्हणाला, "चला, चला, मागे माणसं आहेत." आमच्यातलीच एक मुलगी, कळवळ्याने का होईना, मध्ये बोलली, "घरीच झोपशील ना गं?" साहेबांचा हात पुन्हा शिक्क्याकडे गेला. आणि मी बघितलं, गुलाबचं डोकं हलायचं थांबलं होतं.

"थांबा!"

हे मी म्हटलं. मराठीत, आणि मोठ्याने. बुद्धवंदनेला चार माणसांत बसले तरी माझे नुसते ओठ हलतात, आणि इथे कचेरीत माझा आवाज भिंतीला लागून परत आला. सगळे वळून बघायला लागले. साहेबांनी विचारलं, "काय म्हणाल्या या?"

"रुकिए साहब," मी म्हटलं. कानशिलं नुसती पेटली होती. "ती बोलतेय."

ती अजून बोलली नव्हती. पण सगळे माझ्याकडे बघत राहिले, मी डबे छातीशी धरून उभी, आणि तेवढ्या वेळात ती बोलली. आवाज रडका नव्हता, फक्त फार दिवस न वापरल्यासारखा घोगरा.

"शेत घ्या. मला एकटीला होत नाही. पण माझी खोली मी देणार नाही. माझ्या पोरी कुठे जातील?"

साहेबांनी पहिल्यांदाच कागद नीट वाचला. "यात तर खोलीसकट सगळंच सोडलंय," ते म्हणाले. मग तो कागद त्यांनी मिटून परत दिला. "हे असं होणार नाही. बाईला हवं तसं लिहून आणा, नाहीतर आणू नका."

बाहेर जेठ गुलाबला काही बोलला नाही, कारण तिच्याशी तोही थेट बोलत नसे. त्याचा सगळा राग माझ्यावर निघाला. "तुम्ही कुठल्या हो?"

"बडनेऱ्याची," मी म्हटलं. जणू त्याला बडनेरा ठाऊकच आहे.

परतीच्या जीपमध्ये मात्र भांडण जुंपलं. सरोजजींना सगळं कळलं तेव्हा त्या खूश झाल्या आणि मग चिडल्या. "शेत का देतेय ती? शेतही तिचंच आहे!"

धापू म्हणाली, "दीदी, तुम्हीच शिकवलंत. तिच्या मनातलं काढायचं, आपल्या मनातलं घालायचं नाही."

"बरोबर. पण शेत न सोडता ते बटाईने दुसऱ्याला कसायला देता येतं, अर्धं धान्य घेता येतं, हे तिला कुणी सांगितलंय का? जे ठाऊकच नाही ते ती निवडणार कशी?"

धापू जराशी ओशाळली आणि मग हसली. "म्हणजे अर्धंच काम झालं म्हणा."

"अर्धं झालं," सरोजजी म्हणाल्या, "पण पहिलं अर्धं झालं."

दुसरं अर्धं धापूने केलं. ती गुलाबच्या गावी जात राहिली. कधी जेठाने दारातून परतवून लावलं, कधी गुलाबच भेटायला तयार नव्हती, कारण घरात सगळ्यांनी तिच्याशी अबोला धरला होता. अखेर शेत गुलाबच्या नावावरच राहिलं आणि बटाईने कसायला घेतलं ते जेठानेच. गावातल्या चार माणसांत ठरलं. जेठ अजून तिच्याशी बोलत नाही. धापू म्हणते, "तसाही तो कुठे बोलत होता?"

सगळ्यांचं असं झालं नाही. आमच्याकडे पुष्पा म्हणून एक मुलगी होती, धापूपेक्षाही हुशार. लग्न झालं आणि सासरच्यांनी ते काम बंद केलं. तिने एकदा फोन केला होता. मी "बरी आहेस ना?" असं विचारून बसले, आणि ती "हो" म्हणाली. इतकी वर्षं त्या खुर्चीत बसून मी तोच प्रश्न विचारला.

यंदा हे रिटायर झाले. क्वार्टर सोडावं लागलं. सामान ट्रकने बडनेऱ्याला गेलं, सोबत हेही गेले. मी मागे राहिले, शेवटची तुकडी पुरी करायची होती म्हणून. झोपायला संस्थेतच एक खाट होती. आणि शेवटच्या दिवशी, माझ्यानंतर खुर्चीत कुणाला बसवायचं म्हणून धापूने कुणाला आणावं, तर गुलाबला. मी ओढणी पुढे केली, तर ती म्हणाली, "माझी आहे ना, जीजी." तिकडे मोठ्या बहिणीला जीजी म्हणतात. ती बसली. समोरच्या पोराने विचारलं, "सब ठीक है ना?" घूंघट हलला. "कोई तकलीफ तो नहीं?" घूंघट हलला. मी आणि धापू स्वयंपाकघराच्या दारात तोंडावर पदर धरून हसत होतो.

वर्ग सुटला. सरोजजींनी मला मिठी मारली, चारचौघांत, मोठ्या आवाजात काहीबाही बोलत. मला काहीतरी बोलायला सांगितलं. मी मान हलवली. सगळ्यांना त्याचा अर्थ ठाऊक होता.

मी पिशवी आवरत होते तेव्हा गुलाब जवळ आली. तोंड उघडं होतं, इथे जेठ नव्हता. माझ्याकडे नीट बघत तिने विचारलं, "जीजी, घर तर सोडलंत. आज कुठे झोपणार?"

मी संस्थेतल्या खाटेकडे बोट दाखवणार होते. पण ती विचारून थांबली होती, धापू त्या दिवशी थांबली होती तशी. माझ्या तोंडून निघालं, "तू सांग."

संध्याकाळच्या बसने आम्ही तिच्या गावी गेलो. अंगणाच्या एका कडेला तिची खोली. पत्र्याचं छप्पर, दाराला निळा रंग, आत दोन खाटा, मुलींची दप्तरं खुंटीला. बाहेर कुणीतरी खाकरलं. तिकडे मोठी माणसं सुनेच्या दारावरून जाताना अशी खाकरतात. गुलाबने पटकन घूंघट ओढला आणि पावलं पुढे गेल्यावर पुन्हा वर केला. मग चुलीपाशी बसली. चूल तिची स्वतःची होती, तिनेच पेटवली.

"साखर चालेल ना, जीजी?"

मी मान हलवली.

तिने चमचा साखरेच्या डब्यावर तसाच धरला आणि माझ्याकडे बघत राहिली. चहाला उकळी आली, तिने भांडं जरा बाजूला घेतलं, पण चमचा काही खाली येईना. माझ्यासाठी कुणी असं थांबलेलं मला या कामाआधी आठवत नाही.

"मान नको," ती म्हणाली. "बोला."

"दोन चमचे," मी म्हटलं. "आणि घरात आलं असेल तर तेही घाल."